एका माणसाची खुर्ची: जुनी लिफ्ट बदलताना नेमकं काय बदलतं?

आजच्या एपिसोडमध्ये बर्फ आहे, डोंगर आहे आणि एक खुर्ची आहे. आधीच सांगून टाकतो, मी आयुष्यात एकदाही स्कीइंग केलेलं नाही. मी फक्त रात्री एक वाजता मोबाईलवर मशिनरीचे व्हिडिओ बघत बसणारा माणूस आहे. त्यातूनच ही गोष्ट सापडली, आणि ती माझ्या रोजच्या कामाशी इतकी जुळली की म्हटलं, हिच्यावर बोलायलाच हवं.

आधी चेअरलिफ्ट म्हणजे काय ते बघू. रायगडच्या रोपवेत आपण पाळण्यात बसतो, दार लागतं आणि मग पाळणा निघतो. चेअरलिफ्टचं तसं नसतं. डोंगराच्या पायथ्याशी एक आणि माथ्यावर एक अशी दोन मोठी आडवी चाकं असतात. त्यांच्याभोवती पोलादी दोराचा बंद फेरा फिरत राहतो. मधे खांब, आणि दोराला ठरावीक अंतरावर लटकलेल्या उघड्या खुर्च्या. दोर तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही जागेवर उभे राहायचं, मागून खुर्ची येते, बसायचं. वर पोचलात की उतरायचं, पायातल्या स्कीवरून घसरत खाली यायचं आणि परत रांगेत उभं राहायचं.

ही कल्पना कुठून आली माहितीये? केळ्यांवरून. खरंच.

१९३६ साल. अमेरिकेतली युनियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी. तिचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यातही प्रवासी हवे होते, म्हणून त्यांनी आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचं स्की रिसॉर्ट उभारायला घेतलं. पण लोकांना डोंगरावर चढवायचं कसं? कंपनीच्या ओमाहामधल्या ऑफिसात जेम्स करन नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी जहाजात केळ्यांचे घड चढवणारी यंत्रणा पाहिलेली होती. फिरता दोर, त्याला आकडे, आकड्याला घड. करन म्हणाले, आकड्याच्या जागी खुर्ची लावू आणि घडाच्या जागी माणूस! वरिष्ठांना हे धोक्याचं वाटलं. पण चार्ली प्रॉक्टर या नावाजलेल्या स्कीपटूने ती रेखाटनं पाहिली आणि कल्पना उचलून धरली.

मग चाचणी. ओमाहात डोंगर नाही, आणि चाचणी उन्हाळ्यात. म्हणून त्यांनी ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगली. समोर माणूस उभा करायचा आणि ट्रक चालवत नेऊन त्याला खुर्चीत उचलायचं. बर्फ नव्हता, म्हणून आधी गवताच्या पेंढ्यावर स्की घालून प्रयोग केले, मग चक्क रोलर स्केट्स घालून. किती वेगाने खुर्ची आली तर माणूस न धडपडता बसू शकतो, हे त्यांना शोधायचं होतं. हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच प्रश्नाभोवती फिरते. डिसेंबर १९३६ मध्ये सन व्हॅलीत जगातल्या पहिल्या चेअरलिफ्ट सुरू झाल्या. एका खुर्चीत एक माणूस.

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यात जाऊ. तिथे स्टो नावाच्या गावात १९४० मध्ये अशीच एकेरी लिफ्ट लागली. तिच्यामागे जे लोक होते त्यांच्यात रोलंड पामेडो हे एक. पण स्टो मोठं होत गेलं, गर्दी वाढली, धंदा वाढला. पामेडोंना ते रुचेना. त्यांनी जवळच दुसरा डोंगर शोधला आणि १९४८ मध्ये तिथे मॅड रिव्हर ग्लेन सुरू केलं. तिथेही एकेरी खुर्चीचीच लिफ्ट. म्हणजे एकाच राज्यात दोन डोंगर, दोन सारख्या लिफ्ट. दोन्ही म्हाताऱ्या होणार होत्या. दोघींचं पुढे काय झालं, तीच आजची गोष्ट.

लिफ्ट म्हातारी होते म्हणजे काय होतं? दोर झिजतो, तो बदलता येतो. पण खांबांच्या वेल्डिंगला बारीक तडे जातात, पायाचं काँक्रीट खचतं, मोटर आणि कंट्रोलचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होतात. ती लिफ्ट नीट ओळखणारा मेकॅनिक रिटायर होतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे गेलं होतं. खुर्च्या दोन जणांच्या झाल्या, तीन जणांच्या, चार जणांच्या. पण वेग अडकला होता, कारण तोच ओमाहाचा प्रश्न! खुर्ची दोराला कायमची घट्ट बसवलेली असेल, तर दोराच्या वेगानेच ती तुमच्या गुडघ्यामागे येऊन आदळणार. त्यामुळे अशा लिफ्ट सेकंदाला साधारण अडीच मीटरच्या आसपासच राहतात. यावर उत्तर म्हणजे सुटणारी पकड. स्टेशनात शिरताना खुर्ची वेगवान दोरापासून सुटते, हळू चालते, तुम्ही आरामात बसता, मग ती परत वेग घेते आणि दोर पकडते. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला अशी पहिली चार आसनी वेगवान लिफ्ट लागली. वेग जवळजवळ दुप्पट, सेकंदाला पाच मीटर.

स्टोने काय केलं? १९८६ मध्ये जुनी एकेरी लिफ्ट काढली आणि तिथे नवी चार आसनी वेगवान लिफ्ट बसवली. सरळ, समजण्यासारखा निर्णय.

आता इथे थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

समजा दीड किलोमीटरची जुनी चार आसनी लिफ्ट आहे आणि दर सहा सेकंदांनी एक खुर्ची येते. म्हणजे तासाला ६०० खुर्च्या, २,४०० माणसं. वेग अडीच मीटर, म्हणजे वर जायला दहा मिनिटं. आता वेग दुप्पट करा, पण खुर्ची दर सहा सेकंदांनीच येऊ द्या. तासाला किती माणसं वर जातील? तेवढीच, २,४००! प्रवास मात्र पाच मिनिटांचा झाला.

मग फरक काय पडला? पहिल्या लिफ्टवर कुठल्याही क्षणी ४०० माणसं हवेत लटकलेली होती. दुसरीवर २०० आहेत. उरलेली २०० गेली कुठे? खाली रांगेत, नाहीतर उतारावर. आणि प्रत्यक्षात नवी लिफ्ट बसवताना आसनंही वाढवतात, म्हणजे माथ्यावर माणसं जास्त उतरतात. डोंगराची रुंदी मात्र तेवढीच असते. मुंबईकरांनी असं समजा की लोकलचे डबे वाढवले, पण स्टेशनचा जिना तोच राहिला.

आमच्या टीमने मागे एक जुनी, संथ सिस्टीम बदलली. सगळे खूश. दोन दिवसांत तिच्या मागची डेटाबेस कोलमडली. नंतर कळलं, जुनी सिस्टीम नुसती संथ नव्हती, ती मागच्या सगळ्यांना सांभाळत होती. तिचा संथपणा हेही एक काम होतं, फक्त ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

अशीच गोष्ट २०२२ मध्ये यूटातल्या पार्क सिटीत भांडणाचा विषय झाली. रिसॉर्टला दोन लिफ्ट बदलायच्या होत्या, एका जागी सहा आसनी आणि दुसऱ्या जागी आठ आसनी. परवानगी मिळाली होती. पण गावातल्या काही रहिवाशांनी अपील केलं. प्रश्न होता की यामुळे डोंगरावर किती माणसं येतील आणि त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतील. जूनमध्ये नगर नियोजन आयोगाने परवानगी फिरवली. आणि त्या लिफ्टचं काय झालं? त्या कॅनडातल्या व्हिसलर ब्लॅककोंबला गेल्या.

नवी म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही हं. त्याच व्हिसलरला २३ डिसेंबर १९९५ रोजी एका वेगवान लिफ्टवर खुर्चीची पकड दोरावरून घसरली, खुर्च्या एकमेकींवर आदळून खाली पडल्या आणि दोघांचा जीव गेला. ती काही जुनाट लिफ्ट नव्हती. त्यानंतर त्या बनावटीच्या वेगवान लिफ्ट उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी दुरुस्त कराव्या लागल्या किंवा काढाव्या लागल्या. सुटणाऱ्या पकडीने वेग दिला, पण सोबत हलणारे, तपासावे लागणारे कितीतरी भागही दिले.

आता परत मॅड रिव्हर ग्लेनला. १९९५ मध्ये तिथे स्कीइंग करणाऱ्यांनीच शेअर घेऊन तो डोंगर विकत घेतला आणि सहकारी संस्था केली. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना, दूध संघ आठवतो. इथे सहकारात चक्क डोंगर! आणि काही वर्षांतच सभासदांसमोर प्रश्न आला की जवळपास साठ वर्षांची ही लिफ्ट अशीच चालवणं शक्य नाही. करायचं काय?

दोन आसनी नवी लिफ्ट स्वस्त पडली असती आणि दुप्पट माणसं वर नेली असती. कुठल्याही एक्सेल शीटमध्ये तीच जिंकली असती. सभासदांनी एकेरी खुर्ची ठेवायचं ठरवलं, आणि त्यासाठी देणग्या गोळा केल्या. २००७ च्या उन्हाळ्यात जुने खांब उतरवले, घासून साफ केले, रंगवले आणि नव्या काँक्रीटवर परत उभे केले. यंत्रणाही नवी केली. खर्च पंधरा लाख डॉलरच्या वर. एवढं करून लिफ्ट तासाला नेते किती? सुमारे पाचशे माणसं.

हे फक्त जुन्या आठवणींचं प्रेम होतं का? थोडं होतंच. पण त्यामागे हिशोबही होता. हा डोंगर मुख्यतः नैसर्गिक बर्फावर चालतो. तासाला पाचशे माणसं उतरली, तर अरुंद वाटांवरचा बर्फ टिकतो आणि उतरताना मोकळी जागा मिळते. त्याची किंमतही ते मोजतात. चांगला बर्फ पडला की लांब रांग लागते, आणि कडाक्याच्या थंडीत प्रत्येक जण खुर्चीत एकटा. स्टोचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. तिथे लोक जास्त येतात, त्यांना वर न्यायचं होतं. फरक एवढाच की मॅड रिव्हरवाल्यांनी आधी विचारलं, आपल्याला या डोंगरावर किती माणसं हवीत? लिफ्ट त्यानंतर ठरवली. बहुतेक वेळा आपण उलटं करतो. आधी मशीन घेतो आणि मग गर्दीला कुठे ठेवायचं ते बघतो.

जाता जाता एक छोटी गोष्ट. सन व्हॅलीने १९३९ मध्ये बसवलेली एक एकेरी लिफ्ट पुढे निकामी ठरवून काढली. १९७४ मध्ये ती अलास्कातल्या कॉर्डोव्हा या छोट्या बंदराच्या गावात माउंट आयॅकवर नेऊन बसवली. मोठ्या रिसॉर्टला जी लिफ्ट पुरेनाशी झाली, तिने या गावाच्या पोरांना अनेक हिवाळे डोंगरावर नेलं. जुनी झाली म्हणजे काय, हे शेवटी वापरणाऱ्यावर असतं.

तर तुमच्या आसपास अशी एखादी संथ, जुनी गोष्ट आहे का, जी बदलल्यावरच कळलं की ती काय सांभाळत होती? किंवा न बदलल्यामुळे काय वाचलं? व्हॉइस नोट करून नक्की पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूच!