अबू सिंबेल : हललेले देऊळ

आम्ही अबू सिंबेलला गेलो ते खरे म्हणजे करवतीच्या खुणा शोधावयास. इ. स. पूर्वी तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसने डोंगरात कोरविलेले हे देऊळ आस्वानच्या उंच धरणाखाली बुडणार होते. १९६४ ते १९६८ या काळात त्याचे व शेजारच्या राणीच्या देवळाचे मिळून हजारावर तुकडे कापून ते सुमारे ६५ मीटर उंच पुन्हा रचले. एकेक तुकडा वीस-तीस टनांचा! दिसत्या बाजूचा काप हातकरवतीने, अगदी बारीक घेतलेला. भूकंपात पूर्वीच पडलेले एका पुतळ्याचे डोकेसुद्धा पुन्हा तसेच पायाशी ठेविले आहे.

पुतळ्याच्या पायावर भाडोत्री ग्रीक शिपायांनी आपली नावे कोरली आहेत. पाथरवटाचे नाव मात्र आम्हांस कोठे दिसले नाही. करवत ओढणाऱ्याचेही नाही. आमच्या धंद्याची ही खोड, आधी तेच शोधतो.

याच धरणापायी मिसरमधील सुमारे पन्नास हजार नुबी माणसे १९६३-६४ साली कोम ओम्बोकडे नेली. त्यांची मातीची घरे मात्र कोणी कापून हलविली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ती नाइलच्या काठी राहिलेली. नवी घरे मिळाली ती नदीपासून कैक मैल दूर.