‘एस्. ओ. एस्.’ ह्या संकेताची व्युत्पत्ती

बुडत्या जहाजाच्या ‘एस्. ओ. एस्.’ ह्या बिनतारी हाकेचा अर्थ विद्यार्थ्याने विचारला, की ‘आमचे जीव वाचवा’ अशा आशयाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे होत, असे उत्तर आपण देतो. आम्हीही वर्गात पुष्कळ वर्षे तेच सांगत आलो. ते चूक आहे.

हा संकेत इंग्रजांचा नव्हेच. जर्मनीच्या बिनतारी नियमांत तो १ एप्रिल १९०५ पासून अमलात आला. १९०६ च्या बर्लिन परिषदेने तो स्वीकारला आणि १ जुलै १९०८ पासून तो आंतरराष्ट्रीय ठरला. त्या परिषदेच्या नियमांत अक्षरे दिलेलीच नाहीत. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे एवढीच खूण आहे. ती मध्ये न थांबता सलग वाजवावयाची. गोंगाटातही कानाला चुकू नये अशी तिची लय. तिला अक्षरांची नावे सोयीसाठी मिळाली आणि अर्थ तर त्याहूनही मागाहून चिकटला. लोकव्युत्पत्तीचा ह्याहून स्वच्छ नमुना आम्हांस तरी ठाऊक नाही.

मार्कोनी कंपनीचे तारवाले १९०४ पासून ‘सी. क्यू. डी.’ हा संकेत वापरीत. ‘सी. क्यू.’ म्हणजे सर्व ठाण्यांना उद्देशून, ‘डी.’ हे संकटाचे अक्षर. त्याचीही ‘लवकर या, धोका आहे’ अशी फोड लोकांनी केलीच! सवय मोठी चिवट. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वरून जॅक फिलिप्स ह्याने प्रथम जुनीच हाक दिली. नवी देऊन पाहा, पुन्हा संधी मिळावयाची नाही, असे आपण थट्टेने सुचविले, हे त्याचा साहाय्यक हॅरॉल्ड ब्राइड ह्याने पुढे सांगितले. फिलिप्सने दोन्ही हाका दिल्या. ‘कार्पेथिया’ने येऊन सुमारे सातशे माणसे वाचविली, त्यांत ब्राइड होता, फिलिप्स नव्हता.

पुढे यंत्रावरून माणसाचा आवाज जाऊ लागला, तेव्हा ‘एस्’चा उच्चार नीट ऐकू येईना. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील मॉकफर्ड ह्या अधिकाऱ्याने ‘मला मदत करा’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ‘मेडे’ हा शब्द योजिला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने तो मान्य केला. ह्या शब्दाला मूळचाच अर्थ होता. तरी त्याचा संबंध मे महिन्याच्या पहिल्या तारखेशी जोडणारे आहेतच.