परक्या पानावरचा पाहुणा

काचीगुडा स्थानकाची घुमटदार इमारत १९१६ साली उभी राहिली. तेथून सुटणारी मनमाडची गाडी निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी मराठी मुलखातून धावे. मनमाडला मीटरगेजचे रूळ संपत आणि पुण्यामुंबईला जाणाऱ्यास तेथे मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. चप्पल बाजार, कुतबीगुडा, बरकतपुरा या आसपासच्या वस्त्यांतून राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे महाराष्ट्राशी नाते दीर्घकाळ या गाडीने सांभाळले. तिने सुना आणल्या, विद्यार्थी नेले, लोणच्यांच्या बरण्या पोचविल्या. हैदराबादेत बसून लिहिलेल्या लेखांनाही पुण्यामुंबईच्या पत्रकर्त्यांपर्यंत जावयाचे तर याच दिशेने जावे लागे.

दुसऱ्याच्या पत्रात लिहिणे ही वरवर पाहता सोपी गोष्ट वाटते. पत्र दुसऱ्याने चालवावे, वर्गणीदार त्याने मिळवावेत, छापखान्याचे देणे त्याने द्यावे. आपण केवळ चार पाने लिहून धाडावीत. परंतु असा लेखक हा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला जसा मान असतो तसा धर्मही असतो. हा धर्म कोणता, तो कोणी पाळला आणि त्याची किंमत कोणास भरावी लागली, याचा थोडा इतिहास येथे सांगावा असा आमचा विचार आहे.

मराठीत या प्रकारच्या लेखनाचा पहिला मोठा दाखला लोकहितवादींचा होय. गोपाळ हरी देशमुख यांच्यापाशी स्वतःचे पत्र नव्हते. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' हे साप्ताहिक मुंबईत १८४१ पासून निघत होते. त्यात १८४८ ते १८५० या काळात त्यांनी एकशे आठ पत्रे लिहिली. पुढे ती 'शतपत्रे' या नावाने ओळखली गेली. देशमुख सरकारी नोकर होते, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. या पत्रांचा परिणाम का झाला हे पाहू गेल्यास तीन गोष्टी दिसतात. प्रत्येक पत्र आटोपशीर आहे आणि बहुधा एकाच विषयास धरून आहे. लेखक स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि तो ज्या समाजावर टीका करतो तोच समाज ते पत्र वाचणारा आहे, याचा त्याला एका ओळीतही विसर पडत नाही. परक्या पानावर लिहून स्वतःच्याच घरच्या माणसांशी बोलत राहणे हा पाहुण्या लेखकाचा नेहमीचा दोष असतो. लोकहितवादी समोर बसलेल्याशी बोलले.

आता हैदराबादकडे वळू. निजामाच्या राज्यात मराठी भाषिकांची वस्ती मोठी; मराठवाड्याचे सारे जिल्हे त्यात होते. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि पत्र काढावयाचे तर सरकारची परवानगी हवी. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० साली 'निजाम विजय' हे साप्ताहिक हैदराबादेत सुरू केले व चिकाटीने चालविले. तथापि एवढ्या मोठ्या प्रदेशाचे सारे म्हणणे एका साप्ताहिकात मावणारे नव्हते, आणि जे मावले असते ते सारेच छापता येणारेही नव्हते. १९२९ च्या सुमारास निघालेल्या 'गश्ती निशाण ५३' या हुकमाने तर सभा भरविण्यावरही बंधने घातली. ज्याला बोलावयाचे होते त्याने दुसऱ्याच्या दारी जाणे क्रमप्राप्त होते. निजामाचे टपाल तिकीट राज्याच्या हद्दीपुरतेच चाले. पुण्यास पाकीट धाडावयाचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लावावे लागे. आपण परमुलखात लिहीत आहो याची आठवण लेखकास पाकीट चिकटवितानाच होत असे.

परमुलूख केवळ तिकिटाचा नव्हता, शब्दांचाही होता. आमच्याकडचा 'अव्वल तालुकदार' म्हणजे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, पुणेकर ज्याला कलेक्टर म्हणे तो. पुण्याच्या वाचकाला मात्र तो तालुक्याचा कोणी कामगार वाटावा. 'सर्फेखास' म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, हे सांगितल्यावाचून बाहेरच्यास कळणार नाही. आमची सालेही निराळी. दफ्तरात फसली सन चाले आणि इसवी सनाशी त्याचे अंतर सुमारे ५९० वर्षांचे असे. नाणेही निराळे. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे ब्रिटिश हद्दीतले अदमासे सहा कलदार रुपये. एखाद्या खेड्यातील शेतसाऱ्याचा जुलूम वर्णन करणाऱ्याने आकडा हाली रुपयांत देऊन ते सांगितलेच नाही, तर त्याचे सारे गणित वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचे उभे राहावयाचे.

या बाबतीत आम्हालाही एकदा धडा मिळाला. जुन्या दफ्तरांवरून लिहिलेला आमचा एक लेख एका मासिकाकडून परत आला. समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, 'हे तालुकदार कोण? आणि हे साल कोणते?' प्रथम राग आला. मग लेख पुन्हा वाचला, तेव्हा दिसून आले की तो आम्ही काचीगुड्याच्या कट्ट्यावर बसणाऱ्या चौघांसाठी लिहिला होता. मासिकाचे वाचक आमच्या ध्यानीमनीही नव्हते. लेख दुरुस्त करून धाडला, तो छापून आला. त्या पेन्सिलीचे ऋण आम्ही मानतो.

परंतु शब्द समजणे ही या धर्माची पहिलीच पायरी झाली. त्याहून मोठी गोष्ट जबाबदारीची. तिची कथा हैदराबादशी निकट संबंध असलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे.

श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ साली सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत आले आणि चित्रकार म्हणून त्यांनी येथे जम बसविला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या सहवासात ते येथील सार्वजनिक कार्यात पडले. आमच्या शहराची विवेकवर्धिनी शाळा ज्यांच्या श्रमांतून उभी राहिली त्यांत तेही एक होत. चित्रे रंगवीत असता त्यांचे वेदाध्ययन चालू होते. पुढे संस्थानी सरकारची नजर वक्र झाली आणि त्यांना हैदराबाद सोडावे लागले.

त्याच सुमारास विष्णु गोविंद विजापूरकर हे कोल्हापुराहून 'विश्ववृत्त' हे मासिक चालवीत होते. विजापूरकर हे संस्कृताचे प्राध्यापक, राष्ट्रीय शिक्षणाचे कळकळीचे पुरस्कर्ते आणि समर्थ विद्यालयाचे संस्थापक. त्यांच्या या मासिकात १९०८ साली सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख प्रसिद्ध झाला. विषय वेदांचा, परंतु प्रार्थनेतले तेज दाखविता दाखविता पारतंत्र्याविषयी जे बोलावयाचे ते बोलले गेले होते. ते वर्ष कसे होते हे वाचकांस सांगावयास नको. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. कोल्हापुरात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. विजापूरकर आणि त्यांचे तरुण सहकारी वामन मल्हार जोशी यांना तीन तीन वर्षांचा कारावास झाला. सातवळेकरांच्या मागेही ससेमिरा लागला आणि ते उत्तरेस गुरुकुल कांगडीत असता त्यांना पकडण्यात आले.

लेख पाहुण्याचा होता. तुरुंगाची दारे यजमानावर बंद झाली. यात सातवळेकरांना दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. विजापूरकर अजाण नव्हते. काय छापीत आहो हे त्यांना कळत होते आणि त्यांनी ते जाणूनबुजून छापले. तरीही एक गोष्ट उरतेच. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यापासून ब्रिटिश हद्दीत नियतकालिकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक होते. लेखक टोपणनावाआड राहू शकतो, गाव सोडून जाऊ शकतो. मुद्रक आणि प्रकाशक यांचा पत्ता मात्र अंकावर छापलेलाच असतो. परक्या पानावर लिहिणाऱ्याने लेखणी उचलताना हा पत्ता डोळ्यांपुढे ठेवावा. जपून, मिळमिळीत लिहावे असा याचा अर्थ नव्हे. ज्या वाक्यासाठी दुसऱ्याला किंमत द्यावी लागेल ते वाक्य तेवढ्या मोलाचे आहे ना, हे पारखून लिहावे, असा याचा अर्थ आहे. सातवळेकरांचे वाक्य त्या मोलाचे होते, म्हणूनच विजापूरकरांनी ते स्वीकारले असे आम्ही समजतो. केवळ खळबळ उडवून नाव मिळविण्यासाठी जो असे लिहील, त्याला ही कथा लागू नाही.

वामन मल्हारांची पुढील वाट गोमंतकीय वाचकांसही आपली वाटेल. दुसऱ्याच्या लेखापायी तीन वर्षे गेलेला हा मनुष्य सुटल्यावर कडवट झाला नाही. त्यांची 'रागिणी' ही कादंबरी काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे कालचा यजमान आज स्वतः दुसऱ्याच्या पानावर पाहुणा झाला. १९३० साली मडगावास मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते. आणि पुढच्याच वर्षी, १९३१ साली, संमेलन हैदराबादेत भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. एक शहर पोर्तुगीज सत्तेखाली, दुसरे निजामाच्या. दोन्हीकडे स्वतःच्या घरी मोकळेपणाने लिहिण्याची सोय नव्हती, आणि मराठी साहित्य एका पाठोपाठ एक त्या दोन घरी पाहुणे म्हणून आले. गोव्यात सालाझारच्या अमलात मजकुराची पूर्वतपासणी होत असे. लक्ष्मणराव सरदेसायांनी गोव्यात राहून कथा लिहिल्या आणि त्या महाराष्ट्रातील मासिकांतून वाचकांपुढे आल्या. गोव्याचे जीवन ज्याने कधी पाहिले नाही अशा वाचकाला ते आपल्या घराशेजारचे वाटावे, अशा रीतीने त्यांनी ते मांडले. हेच पाहुण्याने आणलेले वाण होय. यजमानाच्या घरी जे नाही ते न्यावे. त्याच्याच विहिरीचे पाणी त्याला भेट देण्यात काय अर्थ?

पाहुणचारालाही मर्यादा असते. रोज उठून दुसऱ्याच्या दारी जाता येत नाही. यजमानाला त्याचे स्वतःचेही बोलावयाचे असते. हे ओळखून आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३७ च्या फेब्रुवारीत 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले, आणि ते काढले पुण्यास. आपल्या घरी दिवा लावता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या गावी जागा घेऊन तेथे लावला, आणि उजेड मात्र मराठवाड्यात पाडला. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की नाव बदलून पत्र पुन्हा निघे. परक्या पानांवर लिहिताना हैदराबादच्या मंडळींनी जे कमावले, म्हणजे बाहेरच्याला समजेल अशी भाषा, तपासून घेतलेली माहिती, मोजके बोलणे, ते सारे या पत्राच्या कामी आले असे म्हणण्यास हरकत नाही.

आता ज्या घटनेवाचून काचीगुड्यात बसून या विषयावर लिहिता येत नाही तिचे स्मरण करून आटोपते घेतो. शोएबुल्ला खान हे उर्दू पत्रकार प्रथम मंदुमुल नरसिंगराव यांच्या 'रय्यत' पत्रात लिहीत. सरकारने ते बंद पाडल्यावर बुर्गुल रामकृष्णराव यांच्या साह्याने त्यांनी 'इमरोज' हे स्वतःचे पत्र काढले. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत राहिले. १९४८ च्या ऑगस्टमधील एका रात्री काम संपवून काचीगुड्याकडे घरी परतत असता मारेकऱ्यांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. २२ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, १७ सप्टेंबरला, निजामाची सत्ता संपली. दुसऱ्याच्या पत्रात लिहिताना जे सांगितले तेच त्यांनी स्वतःच्या पत्रात सांगितले, आणि या खेपेस किंमतही स्वतःच दिली. ज्याला पाहुणा म्हणून जबाबदारीने लिहिता आले, तोच यजमान झाल्यावर जबाबदारीने छापू शकला.

आज परवानगीची भीती नाही, हाली सिक्का नाही, निजामाचे तिकीटही नाही. काचीगुड्याहून मनमाडच्या वाटेवरचे रूळही रुंद झाले; मध्ये गाडी बदलावी लागत नाही. दुसऱ्याच्या पानावर लेख धाडणे आता एका क्षणाचे काम झाले आहे. तरी आमच्याकडे येणारी तरुण मंडळी 'अमुक ठिकाणी लिहावयाचे आहे, कसे लिहू?' असे विचारतात, तेव्हा आम्ही जुन्याच गोष्टी सांगतो. ज्या पत्रात लिहावयाचे त्याचे मागील काही अंक आधी वाचून काढा. त्याच्या वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे पाहा. तुमच्या गावात आहे आणि त्याच्या गावात नाही असे काही घेऊन जा. साल, नाणे, हुद्दा उलगडून सांगा. स्वतःविषयी कमी बोला. संपादकाची पेन्सिल लागली तर रागावण्यापूर्वी एकदा लेख पुन्हा वाचा. आणि शेवटी, अंकावर ज्याचे नाव व पत्ता छापला जाणार आहे त्याची आठवण ठेवून सही करा.

विजापूरकर तुरुंगातून सुटून आले तेव्हा 'विश्ववृत्त' उरले नव्हते. तो लेख मात्र उरला, आणि तो ज्याने छापला त्याचे नाव आपण आजही लेखकाच्या नावाबरोबरच घेतो.