सोलापुरात ६० किलो, चंद्रावर १०: वजनाची तीनशे वर्षांची गोष्ट

इअरफोन लावलेत ना? मग आज थोडं वजनाबद्दल बोलू. घाबरू नका, डाएटचा एपिसोड नाहीये.

माझे आज्जा सोलापूरच्या मार्केट यार्डात तोलार होते. उमेदीची सगळी वर्षं कांदा, ज्वारी, तूर तोलण्यात गेली. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा ते म्हातारे झाले होते. एकदा मला घेऊन त्या नव्या काट्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तागडीत एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. दोन्ही डोळ्यांना दिसतंय. ह्या काट्याचं दुसरं पारडं कुठाय रे?"

मी तेव्हा हसलो होतो. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचं उत्तर शोधायला माणसाला तीनशे वर्षं लागली.

सुरुवात करू १६७२ पासून. इकडे रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून दोन वर्षं आहेत. तिकडे फ्रान्सचा एक खगोलशास्त्रज्ञ, जाँ रिशे, जहाजातून दक्षिण अमेरिकेत कायेनला गेलाय. विषुववृत्ताजवळचं गाव. सोबत पॅरिसमध्ये अगदी बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ. पण कायेनमध्ये ते रोज जवळपास अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. वेळ जुळवायला रिशेला लंबक थोडा आखूड करावा लागला. किती? तीन मिलिमीटरपेक्षाही कमी.

काहीजण म्हणाले, तिकडे ऊन फार, उन्हानं दांडी लांबली असेल. आपण सोलापूरकर, मे महिन्यातलं ऊन काय करतं ते आपल्याला सांगायला नको. पण न्यूटननं हिशोब करून दाखवलं की नुसत्या उष्णतेनं एवढा फरक पडत नाही. खरं कारण वेगळं होतं. पृथ्वी गरगर फिरते, त्यामुळे ती मध्यावर जरा फुगलेली आहे. हे फिरणं आणि ही फुगवटी, दोन्ही मिळून विषुववृत्तावरची ओढ थोडी कमी करतात. ओढ कमी, म्हणून लंबक संथ.

म्हणजे वजन ही फक्त तुमची गोष्ट नाही. तुम्ही कुठे उभे आहात, यावरही ते ठरतं.

न्यूटन इथेच थांबला नाही. एखाद्या ग्रहाभोवती त्याचा चंद्र किती अंतरावरून आणि किती वेळात फिरतो, यावरून त्या ग्रहाची ओढ काढता येते. 'प्रिन्सिपिया'च्या १७२६ च्या आवृत्तीत त्यानं आकडे दिलेत: एकच वस्तू सूर्याच्या पृष्ठभागावर १०,००० भरली, तर गुरूवर ९४३, शनीवर ५२९ आणि पृथ्वीवर ४३५. घरबसल्या! तुमचं वजन ६० किलो असेल, तर न्यूटनच्या हिशोबानं गुरूवर ते १३० भरतं. आजच्या मापनानं १४० ते १५०. म्हातारा फार चुकला नव्हता.

या यादीत मंगळ का नाही? कारण मंगळाचे चंद्र तेव्हा कुणी पाहिलेच नव्हते. ते सापडले १८७७ मध्ये, आणि मग मंगळाचा हिशोब पक्का झाला. आज आपल्याला माहीत आहे, ६० किलोचा माणूस तिथे साधारण २३ किलो भरेल.

आता आपल्या भागात येऊ. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की वाटेत बीदरचा फाटा लागतो. त्या बीदरजवळ दमारगिडा नावाचं ठिकाण आहे, भारताच्या महासर्वेक्षणाचं एक महत्त्वाचं ठाणं. १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेवी हा इंजिनिअर लंडनच्या रॉयल सोसायटीनं दिलेले लंबक घेऊन ठाण्यामागून ठाणी करत निघाला. त्यातलंच हे एक. काम काय, तर लंबकाचे झोके मोजायचे. पुन्हा मोजायचे. तापमान, हवेचा दाब, सगळ्याची नोंद ठेवायची. कशासाठी? इथली ओढ तिथल्यापेक्षा हजारात एखाद्या भागानं कमी की जास्त, एवढ्यासाठी.

शेवटी तो लडाखच्या मोरे पठारावर पोचला. उंची १५,००० फुटांहून जास्त. विरळ हवा, थंडी. तिथेच १७ जुलै १८७१ ला तो वारला. उरलेलं काम कॅप्टन हेविसाइडनं पुरं केलं. या मापनांतून कळलं की हिमालयाजवळची ओढ, एवढ्या प्रचंड डोंगराकडे बघून वाटते त्यापेक्षा कमी आहे. म्हणजे डोंगराखालचा खडक तुलनेनं हलका आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकासाठी जीव द्यायचा? बघा हां. लंडन आणि सोलापूर यांच्या ओढीत साधारण ०.२८ टक्के फरक आहे. एक किलो शेंगा चटणीला तीन ग्रॅम. सोडून देऊ. पण काटा लंडनला लावला आणि तसाच आणून त्यावर शेतकऱ्याचा १० टन ऊस मोजला, तर तो जवळपास २८ किलो कमी दाखवेल. कुणी काटा मारला नाही, तरी काटा मारलाच गेला! म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून तपासावा लागतो. वजनमापे खात्याच्या शिक्क्याला अर्थ आहे तो यामुळे.

डिसेंबर १९७२. रिशेच्या प्रवासाला बरोबर तीनशे वर्षं झालेली. अपोलो १७ चे अंतराळवीर ओढ मोजणारं यंत्र गाडीवर घेऊन चंद्रावर फिरले. तिथली ओढ पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. तुमचे ६० किलो तिथे १० भरतात. २३ ऑगस्ट २०२३ ला आपला विक्रम चंद्रावर अलगद उतरला, तेव्हा त्याच्या इंजिनांचा जोर ठरवताना हाच आकडा धरलेला होता.

आणि आज्जांची तागडी चंद्रावर नेली तर? एका पारड्यात ६० किलो कांदा, दुसऱ्यात ६० किलोची वजनं. काटा मध्यावरच राहील! ओढ दोन्हीकडे सारखीच कमी झाली ना. तागडी पदार्थ पदार्थाशी ताडून बघते, त्याला आपण वस्तुमान म्हणतो. स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा खालची ओढ मोजतो. दोघंही खरं बोलतात, फक्त प्रश्न वेगळे आहेत. म्हणूनच ॲपवर 'मंगळावर २३ किलो' बघून खूश होऊ नका. पोट तेवढंच राहणार आहे.

आज्जा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं: त्या नव्या काट्याचं दुसरं पारडं तुमच्या पायाखाली आहे, आज्जा. अख्खी पृथ्वी आहे त्यात. आणि ते नक्की म्हणाले असते, "मग तिच्यावर शिक्का कोण मारणार?"

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. आणि उद्या भाजी घेताना काट्यावरचा शिक्का तेवढा बघा.