कार्लाइलच्या फळ्यावरील नाव

इ.स. १८७९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लष्कराच्या जुन्या छावणीत, रिचर्ड हेन्री प्रॅट या सेनाधिकाऱ्याने आदिवासी मुलांसाठी कार्लाइल ही निवासी औद्योगिक शाळा सुरू केली. पहिल्याच तुकडीत लाकोटा जमातीचा सुमारे अकरा वर्षांचा ओटा क्टे होता. आपण पूर्वेकडे जात आहोत ते शौर्य दाखवून मरण पत्करण्यासाठी, अशी त्याची समजूत होती. शिक्षणाची कल्पनाच त्याच्या मनात नव्हती.

वर्गात फळ्यावर त्याला न उमगणाऱ्या रेघोट्या होत्या. हाती छडी देऊन त्यांपैकी एक दाखवावयास सांगण्यात आले. त्याने दाखविलेली रेघोटी म्हणजे 'ल्यूथर'. निवडीचा हा देखावा वरवर सौम्य, परंतु निर्णायक होता. शाळेच्या दप्तरात मुलगा त्याच नावाने उरला. पुढे केस कापले गेले, मातृभाषेस मनाई झाली. त्याला पत्रेकाम शिकविले गेले, पण घरी ते निरुपयोगी ठरले, कारण तेथे पत्र्याची भांडी सरकारच वाटत असे. 'औद्योगिक' या विशेषणाचे मोल यावरून कळते.

ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने त्याने १९२८ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले, म्हणून हा प्रसंग ज्ञात आहे. १९१८ मध्ये बंद पडलेल्या या शाळेत दगावलेल्या मुलांना तशी संधी मिळाली नाही. तेथील दफनभूमीत काही शिळांवर 'अज्ञात' एवढेच कोरलेले आहे. लष्कराने २०१७ पासून अवशेष परत करण्यास प्रारंभ केला. २०२१ मध्ये रोझबडच्या नऊ मुलांचे अवशेष स्वभूमीत परतले. 'अज्ञात' शिळांखालील मुले कोणत्या जमातीच्या हवाली करावयाची, हा प्रश्न मात्र उरतोच.