सेंट पॉलचा घुमट आणि लंडनमधील इमारतींची उंची

जुन्या वस्तीत नवी इमारत किती उंच असावी, हा प्रश्न वरवर पाहता नगररचनेचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. उंचीचा प्रत्येक नियम विशिष्ट काळी, विशिष्ट भयातून किंवा ममत्वातून जन्माला आलेला असतो. आणि ते मूळ कारण विस्मृतीत गेले की मागे केवळ एक आकडा उरतो. लंडनमधील सेंट पॉल कॅथीड्रलच्या परिसराचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. नियमाचे यश आकड्याच्या मोठेपणावर नव्हे, तर उंची कोठून व कशासाठी मोजली जाते यावर अवलंबून असते, हे त्यावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1666 च्या सप्टेंबरमधील अग्निप्रलयात जुन्या लंडनचा फार मोठा भाग भस्मसात झाला. लगेच 1667 मध्ये पुनर्रचनेचा कायदा करण्यात आला. त्याने घरांचे वर्ग पाडले : गल्लीबोळांतील घरे दोन मजल्यांची, महत्त्वाच्या रस्त्यांवरील व थेम्सकाठची तीन मजल्यांची, आणि प्रमुख राजरस्त्यांवरील चार मजल्यांची. तळघर व माळा यांची गणती यात नव्हती. भिंती विटांच्या वा दगडाच्या असाव्यात असे बंधन घालून त्यांची जाडीही वर्गानुसार ठरवून दिली होती. हा नियम आगीच्या भयातून निघाला होता. कॅथीड्रलच्या दर्शनाचा विचार त्यात असणे शक्यच नव्हते; कारण क्रिस्टोफर रेनच्या नव्या वास्तूचे काम 1675 मध्ये सुरू झाले. क्रूसाच्या टोकापर्यंत 365 फूट उंचीची ही वास्तू तीन-चार मजली घरांच्या शहरात आपोआपच सर्वत्र दिसू लागली. तिचे हे श्रेष्ठत्व कोणी कायद्याने दिलेले नव्हते, आणि म्हणूनच ते हिरावले जाऊ शकते याची जाणीव दीर्घकाळ कोणास झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. 1873 पासून वेस्टमिन्स्टर भागात ‘क्वीन ॲन्स मॅन्शन्स’ ही बारा व पुढे चौदा मजल्यांपर्यंत गेलेली निवासी इमारत उभी राहिली, आणि तिच्याविरुद्ध मोठी ओरड झाली. अशा इमारतींना आळा घालण्याच्या प्रयत्नांतून 1894 च्या लंडन इमारत-कायद्याने 80 फुटांची मर्यादा घातली. छपरातील दोन मजल्यांना तीतून सूट होती. येथेही मोजणी रस्त्यापासून वर अशीच होती, आणि प्रकाश, वारा व आगीपासून संरक्षण हीच तिची प्रयोजने होती. काउंटी कौन्सिलच्या संमतीने मर्यादा ओलांडण्याची वाटही कायद्यातच ठेवलेली होती.

या मोजणीतील उणीव 1930 नंतरच्या काही वर्षांत उघड झाली. थेम्सच्या उत्तर तीरावरील ‘युनिलिव्हर हाऊस’ आणि 1933 मध्ये सुरू झालेले दूरध्वनी-केंद्र ‘फॅराडे बिल्डिंग’ यांनी नदीकडून दिसणाऱ्या कॅथीड्रलच्या दर्शनाला बाध आणला. सरसकट मर्यादेचा कायदा अस्तित्वात असतानाच हे घडले. त्या वेळी कॅथीड्रलच्या वास्तूची देखरेख गॉडफ्री ॲलन यांच्याकडे होती. त्यांनी प्रश्न उलट्या बाजूने मांडला. इमारत जमिनीपासून किती वर जावी असे न विचारता, पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून घुमटाकडे जाणारी दृष्टिरेषा एखाद्या भूखंडावरून किती उंचीने जाते, हे त्यांनी मोजले. नदीचा दक्षिण तीर, पूल व अन्य निवडक स्थळे यांपासून अशा रेषा आखल्या असता त्यांतून परिसरावर कलत्या प्रतलांचे जणू अदृश्य छत तयार झाले. ‘सेंट पॉल्स हाइट्स’ या नावाने ओळखला जाणारा हा नियम सिटी कॉर्पोरेशन 1937 पासून पाळत आले आहे.

या योजनेत शेजारशेजारच्या दोन भूखंडांची मर्यादाही सारखी असेलच असे नाही. मर्यादा रस्त्यापासून न मोजता समुद्रसपाटीच्या ठरावीक पातळीपासून मोजावयाची असल्याने उतारावरील जागेचा मालक वरचढ ठरत नाही. छपरावरील यंत्रसामग्रीही या छताखालीच बसवावी लागते. मालकाच्या दृष्टीने हा तोटा खराच. मध्यवर्ती लंडनमधील एकेका मजल्याचे मोल थोडे नव्हे. तरीही कायद्याचे बळ नसताना हा संकेत दीर्घकाळ टिकला आणि पुढे विकास-आराखड्यात समाविष्ट झाला. 1894 चा आकडा ‘इतकेच का?’ या प्रश्नापुढे निरुत्तर होता. ॲलन यांचा आकडा मात्र पुलावर उभे राहून कोणासही पडताळता येत होता. संकेताच्या टिकाऊपणाचे हे एक प्रमुख कारण मानावयास हरकत नाही.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. 1940 च्या डिसेंबरातील बाँबवर्षावात कॅथीड्रलच्या उत्तरेकडील पॅटरनॉस्टर भाग उद्ध्वस्त झाला. विल्यम हॉलफर्ड यांच्या 1956 च्या योजनेनुसार तो पुढील दशकात पुन्हा बांधला गेला. त्यातील ‘जक्सन हाऊस’ ही इमारत विशेष उंच नव्हती. परंतु तिच्या जागेमुळे लडगेट हिलवरून येणाऱ्यास कॅथीड्रलचा पश्चिम दर्शनी भाग पूर्ण दिसेनासा झाला. ती सर्व रचना पाडून 2003 पर्यंत नवी करण्यात आली. दुसरा प्रश्न पार्श्वभूमीचा. रिचमंड पार्कमधील टेकाडावरून सुमारे दहा मैलांवरचे कॅथीड्रल दिसते व ते दर्शन संरक्षित आहे; पण 2016 मध्ये त्याच रेषेत, कॅथीड्रलच्या कितीतरी पलीकडे स्ट्रॅटफर्ड येथे वाढणारा 42 मजली मनोरा घुमटामागे दिसू लागला आणि वाद उद्भवला. पुढचा अडथळा टाळणारे गणित मागचा अडथळा टाळण्यास पुरेसे पडले नाही.

याउलट, 2014 मध्ये पूर्ण झालेल्या लेडनहॉल बिल्डिंगचे उदाहरण घ्यावे. फ्लीट स्ट्रीटवरून दिसणाऱ्या घुमटाला बाध येऊ नये म्हणून तिची एक बाजू वर जाता जाता घुमटापासून दूर कलती केली आहे. तिचे वैशिष्ट्यपूर्ण रूप त्या बंधनातूनच आले. 2010 मध्ये पुरे झालेले ‘वन न्यू चेंज’ हे कॅथीड्रलच्या अगदी पूर्वेस असून उंचीच्या छताखालीच राहिले. त्याच्या गच्चीवरून आज लोक घुमट पाहतात.

सारांश, लंडनमध्ये उंचीचा नियम प्रथम आगीने, मग प्रकाश-वाऱ्याने आणि अखेर दृष्टीने घडविला. पहिल्या दोहोंनी घरांचे रक्षण केले. शहराच्या स्मृतीचे रक्षण तिसऱ्यानेच केले, आणि तेही अपुरेच. ऐतिहासिक वस्तीसाठी नियम करणाऱ्याने म्हणून आकडा ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित केल्या पाहिजेत : काय जपावयाचे आहे, आणि ते कोठे उभे राहून पाहावयाचे आहे. या दोहोंची उत्तरे दिलेली नसतील, तर आकडा कितीही कडक असो, त्याला सवलतींची भगदाडे पडण्यास वेळ लागत नाही.