गुंठ्याएवढा ठिपका

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने नागोठणे मागे टाकून आपण कोलाडला आलो, की जमिनीच्या दोन जाती एकदम नजरेत भरतात. कुंडलिकेच्या दोहो अंगांना भाताची सपाट खाचरे, आणि त्यांच्या पाठीशी चढत गेलेली डोंगरउताराची वरकस जमीन. खाचरांचा हिशेब सरळ आहे. बांध दिसतो, मालक दिसतो, पीक दिसते. वरकसाचे तसे नाही. तिथे नाचणी, वरी असे पीक दोन-तीन वर्षे घ्यावयाचे आणि मग काही वर्षे जमीन विसाव्याला सोडावयाची, ही जुनी रीत. विसाव्याच्या वर्षांत त्या जमिनीवर गवत येते, झुडपे येतात. परक्या माणसाला वाटावे, हे रान आहे. कातकऱ्याला विचारले तर तो म्हणेल, हे माझे शेत आहे. जमिनीच्या मोजणीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन उत्तरांभोवती फिरत आला आहे.

आपल्याकडे शास्त्रशुद्ध मोजणी आली ती इंग्रजी अमदानीत. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी 1836 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात (कोलाडच्या शेजारचे इंदापूर ते वेगळे) नव्या पद्धतीचा पाया घातला, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरवून दिले. साधन म्हणजे 33 फुटांची लोखंडी साखळी. साखळीचे 16 आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकड्याचा एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पण साखळीला धरणारी माणसे लागत, आणि हद्द दाखवावयास गावकरी लागत. नकाशावरची रेघ कोणाच्या तरी पायाखालून जात असे.

डोंगरावर मात्र ही साखळी थबकली. 1878 च्या वन कायद्याने उतारांवर सरकारची हद्द आखली गेली, आणि पिढ्यान् पिढ्या तेथे कसणारे कातकरी, ठाकर एकाएकी पाहुणे ठरले. त्यांच्या पोटासाठी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात दळीची सोय झाली. जंगलाच्या हद्दीतला तुकडा एखाद्या गटाला कसण्यापुरता द्यावयाचा, अशी ती पद्धत. जमीन सरकारची, कष्ट कातकऱ्याचे. आणि दप्तरात नाव लागले तर बहुधा गटाच्या नाइकाचे. ही अर्धवट नोंद पुढे फार महाग पडली.

आता आकाशाकडे वळू. 1970 च्या सुमारास केरळात नारळाच्या मुळांना लागणाऱ्या रोगाचा शोध घेण्यासाठी प्रा. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. भारतातल्या दूरसंवेदनाचा आरंभ तो हाच. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. निरोगी पान आपल्या डोळ्यांना हिरवे दिसते. पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ते त्याहून कितीतरी अधिक परतवते. अशा चित्रात दाट पालवी तांबडीभडक उमटते, आणि आजारी किंवा विरळ झाडोरा फिका पडतो. 1972 साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला आणि हीच दृष्टी सबंध पृथ्वीवर फिरू लागली.

या दृष्टीने पहिला धक्का दिला तो सरकारी दप्तरालाच. कागदोपत्री देशाचा सुमारे 23 टक्के भूभाग जंगलाचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाची चित्रे तपासली, तेव्हा 1972 ते 1975 या काळात प्रत्यक्ष झाडोरा 17 टक्क्यांच्या आत, आणि 1980 ते 1982 मध्ये 14 टक्क्यांच्या आसपास आढळला. पुढे वनसर्वेक्षणाने 1987 साली 19.5 टक्क्यांचा आकडा दिला. म्हणजे चित्र वाचणाऱ्यांतही मतभेद होतेच. तरी जंगल म्हणून नोंदलेली जमीन आणि झाडे असलेली जमीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सत्य आकाशातूनच प्रथम उघड झाले, आणि त्याचे ऋण आपण मानले पाहिजे.

17 मार्च 1988 रोजी आपला स्वतःचा आयआरएस-1ए बैकानूरहून वर गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेबहात्तर मीटरांचा होता. विंगेटच्या भाषेत सांगावयाचे तर तब्बल 52 गुंठे! एका ठिपक्यात कातकऱ्याची अख्खी दळी शेजारच्या रानासकट बुडून जावी. पुढे ठिपका आकसत गेला. 2003 च्या रिसोर्ससॅटचा एक कॅमेरा साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. दुसऱ्याचा ठिपका तर गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आता सर्व दिसेल, असे वाटावे.

पण प्रश्न ठिपक्याचा नव्हताच. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना तिचा हक्क देऊ केला, आणि रायगडच्या दळीदारांचे दावे पुढे आले. पुराव्यांच्या यादीत उपग्रहचित्रही होते. आता वरकसाची रीत आठवा. नाचणी वाढते पावसात, आणि पावसात कोकणावर ढगांचे छत असते. साध्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही. आकाश निवळेतो पीक निघून गेलेले. आणि त्या वर्षी जमीन विसाव्याला असली, तर चित्रात गवत आणि झुडपेच उमटणार. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. पाने किती, हे ते सांगेल. विसावा कोणाच्या शेताचा, हे कसे सांगावे?

2012 साली नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट झाले, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही. वृद्धांची साक्ष, जुने बांध, घराची जोती यांचे मोल त्यामुळे टिकले. तथापि फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला, आणि वनसर्वेक्षणाला उपग्रहाद्वारे पाहणी करावयास सांगितले. पंधरा दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती मिळाली; पण चित्राच्या अर्थावर किती चुली अवलंबून असतात, हे त्या पंधरा दिवसांत कळले.

कोलाडचेच आणखी एक उदाहरण घ्या. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्याला पाणी सुटते, त्या वर्षी उन्हाळी भाताची खाचरे चित्रात तांबडी उमटतात आणि भोवतीचे डोंगर करडे राहतात. ते पाणी 1927 साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजघरातून येते, आणि भिऱ्याला येते मुळशीच्या धरणातून. सेनापती बापटांनी ज्या खोऱ्यासाठी सत्याग्रह केला, तेच हे मुळशी. चित्रात भात दिसतो; बुडालेली गावे दिसत नाहीत.

2015 साली युरोपचा सेंटिनेल-2 वर गेला. त्याचा ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे 100 चौरस मीटर. जुना गुंठा 101 चौरस मीटर आणि काही अंश. पावणेदोनशे वर्षांनी आकाशातला डोळा लोखंडी साखळीच्या मापावर येऊन ठेपला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पण साखळीच्या काळी हद्द दाखवावयास गावकरी उभा असे. दूरसंवेदनाचे शास्त्रही हेच सांगते; चित्राचा अर्थ जमिनीवर जाऊन पडताळल्यावाचून नकाशा पुरा होत नाही. आज ते काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे आहे. पावसाळ्यात तिने कोलाडचा डोंगर चढावा, आणि नाचणीत उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. उपग्रहाने तेवढे काम आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.